‘एस्टोनिया’ बॉम्बनं बुडाली की कडीनं?

आमच्या कॉलनीतली एक मुलगी गेली पाच-सहा वर्षं नाटकांसाठी लिहिते आहे. आता तिला सिनेमा लिहायचाय. परवा तिनं विचारलं, “काका, ‘बाल्टिक स्टॉर्म’ बघितला. एस्टोनिया नावाची फेरी बुडते, मागे लष्करी सामान, गुप्तहेर, स्फोट असं सगळं आहे. तुम्ही आयुष्यभर जहाजांवर काढलंत. ती फेरी खरंच कुणी बुडवली होती का? आणि बुडवली नसेल, तर असा सिनेमा लिहायचा की नाही?”

जिन्यात उभं राहून पाच मिनिटांत संपणारा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. मी इंजिनरूममध्ये वीस वर्षं होतो, त्यातली आठ गाड्या वाहणाऱ्या फेरींवर. पुढे जहाजांची तपासणी करणारा सर्व्हेअर म्हणून निवृत्तीपर्यंत काम केलं. नाशिकला परत आलो तरी हा एक अपघात डोक्यातून गेला नाही.

आधी सरळ उत्तर देतो. नाही, ती कुणी बुडवली नाही. पुढचं तोंड लाटांनी तुटलं, गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं आणि ती कलंडली. पण लगेच दुसरंही सांगतो, कारण ते तुझ्या कामाचं आहे. संशय घेणारी माणसं वेडी नव्हती. संशयाला जागा सरकारांनीच करून दिली होती, आणि तो भाग सिनेमावाल्यांनी मनानं रचलेला नाही.

त्या रात्रीचं आधी सांगतो. २७ सप्टेंबर १९९४ च्या संध्याकाळी सव्वासातला ही फेरी एस्टोनिया देशातल्या टॅलिनहून स्वीडनमधल्या स्टॉकहोमला निघाली. प्रवासी आणि खलाशी मिळून ९८९ माणसं. हवा खराब होती, पण बाल्टिकमध्ये शरद ऋतूत असते तेवढीच. लाटा चार मीटरच्या आसपास, काही त्याहून उंच. वेग चौदा नॉटच्या पुढे, म्हणजे अशा समुद्राला तोंड देत जायला जास्तच. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला पुढच्या रॅम्पजवळ, म्हणजे गाड्या चढवायच्या फळीजवळ, गस्तीवरच्या खलाशानं धातूचा मोठा आवाज ऐकला. त्यानं रॅम्प बंद असल्याचं दाखवणारे दिवे पाहिले, दिवे ठीक होते. सव्वाच्या सुमाराला तोंड पूर्ण सुटलं. १ वाजून २२ मिनिटांनी मेडे, म्हणजे वायरलेसवरून मदतीची हाक, गेला. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, बोलणाऱ्याला जहाज नेमकं कुठे आहे तेसुद्धा पटकन सांगता येईना, कारण वीज गेली होती. १ वाजून ५० मिनिटांनी रडारवरचा ठिपका नाहीसा झाला. पहिलं मदतीचं जहाज पोहोचलं ते सव्वादोनच्या सुमाराला. ८५२ माणसं गेली, १३७ वाचली. बारा वर्षांखालचं एकही मूल वाचलं नाही. हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो, कारण त्या डेकवरून त्या कलानं बाहेर पडायला अंगात किती जोर लागतो हे मला माहीत आहे. जहाज तीस-पस्तीस अंश कललं की मार्गिका ही मार्गिका राहत नाही, विहीर होते. जिना चढायचा नसतो, लोंबकळत पार करायचा असतो.

आता ते तोंड. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला किंवा दाभोळहून धोपाव्याला तू गाडी घेऊन गेली असशील. गाडी सरळ आत जाते आणि पलीकडे सरळ बाहेर पडते, हीच रो-रोची, म्हणजे गाड्या चढ-उतार करणाऱ्या फेरीची, सगळी सोय आणि हाच तिचा सगळा धोका. त्यासाठी जहाजाच्या टोकाला दार ठेवावं लागतं, आणि लाटा येऊन आदळतात त्या नेमक्या तिथेच. एस्टोनियाला त्या जागी व्हायझर होता. मोटरसायकलच्या हेल्मेटची काच जशी वर उचलतो, तसा तो अख्खा जबडा वरच्या हिंजवर उचलला जायचा. वजन साधारण ५५ टन. समुद्रात असताना तो खाली बसवून लॉक करायचा. खाली मधोमध एक लॉक, दोन्ही बाजूंना एकेक. या जबड्याच्या मागे रॅम्प उभा असायचा. बंदरात तो खाली पडला की गाड्यांचा रस्ता, समुद्रात उभा असला की आतलं दार.

अडचण अशी की रॅम्पचं वरचं टोक व्हायझरच्या आत केलेल्या एका पेटीसारख्या जागेत घुसत होतं. म्हणजे बाहेरचं दार तुटून पुढे पडलं तर आतल्या दाराला हाताला धरून बाहेर ओढणार. दोन दारं ठेवायची कशासाठी? एक गेलं तर दुसरं उरावं म्हणून. इथे दोघांचं नशीब एकाच दोरीला बांधलेलं होतं.

एस्टोनिया, स्वीडन आणि फिनलंड या तीन देशांच्या संयुक्त चौकशी आयोगानं डिसेंबर १९९७ मध्ये अहवाल दिला. निष्कर्ष असा की लॉक त्या लाटांच्या मानानं कमकुवत होते. १९८० साली जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या मायर वेर्फ्ट गोदीत जहाज बांधलं तेव्हा या लॉकवर किती भार येईल याचा हिशेबच पुरेसा झाला नव्हता. आपल्या नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेटरकडे जा आणि विचार, पिन जाड केली पण ती धरणाऱ्या लगचा, म्हणजे भोकाच्या पट्टीचा, वेल्ड बारीक ठेवला तर काय होईल? तो हसून सांगेल, पिन तशीच राहील, लग उपटून येईल. खालच्या लॉकचं साधारण तसंच झालं. पिन शाबूत, तिला धरणारे लग फाटलेले. (गोदीवाल्यांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या तज्ज्ञांनी देखभालीवर बोट ठेवलं, आणि स्फोटाची शंकाही पुढे त्याच बाजूनं बरीच चालवली गेली.)

तोंड तुटणं हे आभाळातून पडलेलं संकट नव्हतं. त्याच गोदीत, जवळपास तशीच बांधलेली ‘डायना २’ नावाची फेरी होती. जानेवारी १९९३ मध्ये, म्हणजे वीस महिने आधी, खराब हवेत तिच्या व्हायझरचे लॉक मोडले होते. ती वाचली, दुरुस्ती झाली, पण तो धडा एस्टोनियावरच्या माणसांपर्यंत गेलाच नाही. शिवाय एस्टोनिया सुरुवातीला फिनलंडमधलं तुर्कू आणि स्टॉकहोम यांच्यामध्ये बेटांच्या आडोशानं चालायची. तिथे किनारा जवळ म्हणून एका नियमातून तिला सूट मिळाली होती. नियम असा की पुढच्या टक्कर-भिंतीचा (समोरून धडक बसली तरी पाणी आत जाऊ न देणाऱ्या भिंतीचा) वरचा भाग टोकापासून ठरावीक अंतर मागे हवा. तिच्या बाबतीत रॅम्पच ती भिंत मानला गेला आणि रॅम्प फार पुढे होता. मग जहाज विकलं गेलं, नाव बदललं, १९९३ पासून ते उघड्या समुद्रातून टॅलिन-स्टॉकहोम धावू लागलं. मार्ग बदलला, सूट तशीच चालू राहिली. सर्व्हेअर म्हणून मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त बोचतो तो हा कागद. माझ्यासारख्याच कुणीतरी फाइल उघडून एक ओळ वाचायची होती.

कार डेकवर थोडं पाणी आलं तर एवढं मोठं जहाज का कलंडावं, हे समजायला घरी एक प्रयोग करून बघ. मोठी परात घे, त्यात अंगठ्याच्या पेराएवढं पाणी घाल आणि ती दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंत चाल. मग तेवढंच पाणी घागरीत घालून चाल. घागर जड लागेल पण ऐकेल. परात हलकी असूनही ऐकणार नाही. जरा कलली की सगळं पाणी त्या बाजूला धावतं, त्या धावण्यानं ती आणखी कलते, आणि मग तुझे हात तिला सरळ करू शकत नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याचे टँकर गावोगाव फिरतात, त्यांच्या ड्रायव्हरला विचार. भरलेला टँकर तो बिनधास्त वळवेल, अर्धा भरलेला जपून वळवेल. म्हणून टँकरच्या पोटात आडव्या पट्ट्या घालतात. फेरीच्या गाड्यांच्या डेकवर अशा भिंती नसतात, कारण ट्रक या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे असतात. एस्टोनिया १५५ मीटर लांब आणि २४ मीटर रुंद होती. ढोबळ हिशेब केलास तर त्या सपाटीवर दर दहा सेंटिमीटर पाण्याला साडेतीनशे टनांच्या आसपास वजन होतं, आणि ते वजन परातीतल्या पाण्यासारखं एका बाजूला धावतं. आम्ही त्याला फ्री सरफेस म्हणतो.

हे काही एकाच जहाजाचं दुर्दैव नाही. ६ मार्च १९८७ ला बेल्जियममधल्या झेब्रुखे बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरी पुढची दारं उघडीच ठेवून निघाली आणि दीडेक मिनिटात आडवी झाली, १९३ माणसं गेली. दारं लावायचं काम ज्याचं होतं तो खलाशी झोपलेला होता, आणि दारं लागली की नाही हे कप्तानाला दाखवणारी सोय ब्रिजवर नव्हती. फेब्रुवारी २००६ मध्ये तांबड्या समुद्रात ‘अल सलाम बोकाचिओ ९८’ बुडाली ती आग विझवायला मारलेलं पाणी कार डेकवर साठून. हजाराच्या वर माणसं गेली. तिथे समुद्राचं पाणी आत यायचीही गरज पडली नाही.

एस्टोनियावर दिवे होते. तेच मला इथे सांगायचंय. आपण नाशिककर गोदेला किती पूर आलाय हे विसर्गाच्या आकड्यावरून ओळखत नाही. दुतोंड्या मारुतीकडे बघतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. डोळ्यांना दिसतं त्यावर विश्वास. एस्टोनियाच्या ब्रिजवरून मात्र व्हायझर दिसतच नव्हता. कप्तानाला दिसत होते ते दिवे, आणि त्या दिव्यांना पिन कुठे आहे एवढंच कळत होतं, तोंड जागेवर आहे का ते कळत नव्हतं. व्हायझर समुद्राच्या तळाशी गेला तरी पिन आपल्या जागी होती म्हणून दिवा ‘लॉक’ दाखवू शकत होता. खाली इंजिन कंट्रोल रूममध्ये मात्र कॅमेऱ्याचा मॉनिटर होता, आणि तिथल्या माणसांनी रॅम्पच्या दोन्ही कडांतून पाणी उडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ती माणसं वाचली आणि त्यांनी ते सांगितलं. तुझ्या सिनेमाचा पहिला प्रसंग मी तिथे ठेवला असता.

दिव्यांवरचा माझा विश्वास का उडाला तेही सांगतो. नव्वदच्या दशकात मी परदेशातल्या एका फेरीवर सेकंड इंजिनिअर होतो. निघायची वेळ झाली, पॅनेलवर आतल्या दाराचा दिवा हिरवा. मी सहज टॉर्च घेऊन दाराजवळ गेलो तर एका लॉकची पिन भोकात अर्धीच गेलेली. सेन्सरची पट्टी वाकली होती आणि ती कुणीतरी बाइंडिंग वायरनं बांधून ठेवली होती. पिन असो वा नसो, दिवा हिरवाच लागणार. वायर कुणी बांधली ते कधीच कळलं नाही. बहुधा खोटा अलार्म वाजून वाजून वैतागलेल्या एखाद्या चांगल्या माणसानं बांधली असेल. कप्तानानं जहाज थांबवलं, आम्ही पिन हातानं बसवली, वायर काढली, चाळीस मिनिटं उशिरानं निघालो. दोन दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. त्यात दाराबद्दल एक शब्द नव्हता. उशीर का झाला एवढंच विचारलेलं. कप्तानानं ते पत्र मला वाचायला दिलं आणि काही न बोलता फाइलला लावलं. मला आजही राग येतो. त्या पत्रावर सही करणाऱ्यानं कुठलाही कट केला नव्हता. तो वेळापत्रक सांभाळत होता.

आता संशयाकडे येतो, कारण सिनेमा तिथूनच उगवलाय. ‘बाल्टिक स्टॉर्म’ २००३ साली आला. दिग्दर्शक रूबेन लेडर, पडद्यावर ग्रेटा स्काकी, युर्गन प्रॉख्नोव, डोनाल्ड सदरलँड. त्यामागे युटा राबे या जर्मन पत्रकार बाईंचं कित्येक वर्षांचं शोधकाम होतं. लष्करी सामानाची गोष्ट त्या वेळी बहुतेकांना कपोलकल्पित वाटली. पुढच्याच वर्षी एका निवृत्त स्वीडिश कस्टम्स अधिकाऱ्यानं टीव्हीवर सांगितलं की सप्टेंबर १९९४ मध्ये दोन वेळा, १४ आणि २० तारखेला, ‘एस्टोनिया’ फेरीतून आलेल्या गाड्या न तपासता सोडायला सांगितलं होतं आणि त्यात लष्करी सामान होतं. चौकशी झाली, सरकारला ते मान्य करावं लागलं. काळ लक्षात घे. १९९१ मध्ये एस्टोनिया देश सोव्हिएत संघातून बाहेर पडलेला. रशियन फौजा तिथून पूर्ण निघाल्या ३१ ऑगस्ट १९९४ ला. म्हणजे फेरी बुडाली त्याच्या जेमतेम चार आठवडे आधी. मागे राहिलेली उपकरणं पाश्चिमात्य देशांना हवी असणार हे शेंबड्या पोरालाही कळेल. प्रवाशांनी भरलेल्या फेरीतून असलं सामान न्यायचं, आणि ते दहा वर्षं लपवायचं! ज्यांची माणसं गेली त्यांनी यानंतर कुणावर विश्वास ठेवायचा?

त्याआधीचंही बघ. सुरुवातीला स्वीडनमध्ये जहाज वर काढण्याची, निदान मृतदेह आणण्याची आशा दाखवली गेली. डिसेंबर १९९४ मध्ये सरकारनं ठरवलं, काढायचं नाही. १९९५ मध्ये करार करून ती जागा समाधी म्हणून जाहीर झाली, तिथे बुडी मारणं गुन्हा. वरून काँक्रीट ओतून जहाज झाकून टाकायची योजना आली, थोडं काम सुरूही झालं, मग विरोधामुळे थांबवलं. पाणी किती खोल? ७४ ते ८५ मीटर. आजच्या गोताखोरांना न जमणारी ही खोली नाही. आपल्याकडे नदीत कुणी बुडालं तर घरची माणसं देह मिळेपर्यंत काठावरून हलत नाहीत. तिथे साडेसहाशेच्या आसपास माणसं आत होती आणि सरकार वर काँक्रीट ओतायला निघालं होतं. निर्णय घेणाऱ्यांचा हेतू मृतांचा मान राखण्याचा असेलही. पण तुझ्या घरातलं कुणी आत असतं तर तुला काय वाटलं असतं?

तरीही, लष्करी सामान आधी दोनदा गेलं होतं यावरून त्या रात्री स्फोट झाला हे सिद्ध होत नाही. सिनेमा ही उडी फार सहज मारतो. २००० साली अमेरिकन गोताखोर-उद्योजक ग्रेग बेमिस आणि राबे यांनी बंदी झुगारून बुडी मारली, धातूचे तुकडे आणले. काही प्रयोगशाळांनी त्यात स्फोटाच्या खुणा आहेत असं सांगितलं. नंतर जर्मनीच्या सरकारी पदार्थ-तपासणी संस्थेनं दाखवलं की धातूतले तसे बदल गोदीत पत्रा साफ करताना केलेल्या शॉट ब्लास्टिंगनंही होतात. अंबडला रोज होतं तेच. पत्र्यावर छर्रे मारले की वरचा थर दबतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो दणका खाल्ल्यासारखाच दिसतो.

दुसरा आवडता मुद्दा असा की जहाज पश्चिमेकडे जात होतं, तोंड आधी गळून पडलं, मग तोंड जहाजाच्या पश्चिमेला दीड किलोमीटरवर कसं सापडलं? मागे, म्हणजे पूर्वेला सापडायला हवं होतं. ऐकायला बिनतोड वाटतं. पण तोंड गेल्यावर जहाज डावीकडे वळलं, इंजिनं बंद पडली, आणि अर्धा तास ते वारा नि लाटांबरोबर पूर्वेकडे वाहत राहिलं. संध्याकाळी गंगापूर धरणात वल्ही सोडून दिलेली होडी बघ, कुठल्या कुठे जाते. तिसरा मुद्दा, एवढ्या लवकर बुडाली कशी, उलटी होऊन तरंगत का राहिली नाही? हा प्रश्न मात्र खरोखर चांगला होता आणि आयोगाच्या अहवालात त्याचं उत्तर अपुरं होतं. स्वीडननं त्यावर वेगळा अभ्यास करवला, २००८ साली तो पूर्ण झाला. जहाज कललं तशा वरच्या मजल्यांच्या खिडक्या फुटल्या, तिथून आणि जिन्यांतून, हवेच्या नळांतून पाणी खालपर्यंत उतरलं, असं गणितानं आणि नमुन्यांच्या चाचण्यांनी जुळवून दाखवलं. तळाला भोक पाडायची गरज लागली नाही.

मग २०२० मध्ये एका माहितीपटाच्या चमूनं पाण्याखाली कॅमेरा सोडला आणि उजव्या कुशीला चार मीटर उंचीचं भगदाड दिसलं. अधिकृत अहवालात ते नव्हतं! त्या बातमीनंतर मीही दोन रात्री नीट झोपलो नाही. मला वाटलं, आपण इतकी वर्षं चुकीचं सांगत आलो की काय. कॅमेरा सोडणाऱ्यांवर खटला भरला गेला, ते मला मुळीच पटलं नाही, कारण त्यांच्यामुळेच तीन देशांना पुन्हा चौकशी करावी लागली. जहाज सगळ्या बाजूंनी मोजलं, तळाची जमीन तपासली. जानेवारी २०२३ च्या अंतरिम अहवालात आलं की टक्कर झाल्याचा किंवा तोंडाशी स्फोट झाल्याचा काही मागमूस नाही. भगदाड आहे तिथे खाली खडक वर आलेला आहे, हजारो टनांचं जहाज त्यावर आपटलं, रुतलं, वर्षानुवर्षं सरकत राहिलं. त्याच अहवालात आणखी एक वाक्य आहे, जे वर्तमानपत्रांनी आतल्या पानावर टाकलं: जहाज समुद्रात जाण्यायोग्य नव्हतं. व्हायझरची नियमाप्रमाणे तपासणी झाली असती तर दोष सापडला असता. सव्वीसेक वर्षांनी पुन्हा चौकशी झाली ती संशय घेणाऱ्यांमुळे, आणि तिच्यातून निघालं ते त्यांच्या म्हणण्यापेक्षा वेगळं, पण सरकारी कागदांपेक्षा कडक. त्याच वर्षी जुलैमध्ये तो रॅम्पही वर काढला.

आता तुझा दुसरा प्रश्न. लिही. जरूर लिही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी सिनेमा उभा केला, त्या भागातली तू. पण लिहिताना एक अडचण येणार आहे, ती आधी ओळखून ठेव. थरारपटाला समोर एक माणूस लागतो, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. इथे बोट दाखवायला अपघाताच्या चौदा वर्षं आधीचा एक वेल्ड आहे, न वाचलेली एक सूट आहे, दुसऱ्या जहाजावरच्या मोडलेल्या लॉकचा न पाठवलेला एक कागद आहे आणि लाटांत वेग न कमी करणारी एक रात्रपाळी आहे. हे पडद्यावर आणणं कठीण. म्हणून लेखक सूट-बूट घातलेला गुप्तहेर आणतो आणि सुटतो. त्यात तोटा असा की प्रेक्षक घरी जाताना गुप्तहेरावर चिडून जातो, आणि दुसऱ्या दिवशी फेरीत गाडी चढवताना दाराकडे बघत नाही.

माझ्या मते खरा थरार कागदपत्रांत आहे. एक सर्व्हेअर फाइल उघडतो आणि त्याला कळतं की आपणच पाच वर्षांपूर्वी याच जहाजाला सही दिली होती. आता सांगायचं की झाकायचं? एक कस्टम्सवाला आहे, त्याला वरून फोन येतो की आजची गाडी उघडू नको. आठवड्यानं जहाज बुडतं. त्याच्या गाडीचा आणि बुडण्याचा संबंध नाही, पण हे त्याला कोण पटवणार? दहा वर्षं तो माणूस रात्री काय विचार करत असेल? एक बाई आहे, जिचा मुलगा आत आहे, आणि तिला काँक्रीटच्या टेंडरची बातमी रेडिओवर कळते. या तिघांना तू एका टेबलाशी बसवलंस तर तुला एकही बॉम्ब लागणार नाही.

आणि बाल्टिकपर्यंत जायचंच कशाला? १७ जुलै १९४७, ऐन आषाढ, अमावास्येचा सुमार. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसला निघाली. सणासाठी गावी जाणारी माणसं खच्चून भरलेली. काश्याच्या खडकाजवळ लाटेनं कलली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि ती उलटली. परातीतल्या पाण्यासारखीच माणसंही एका बाजूला धावतात, हे विसरू नकोस. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हतं, त्यामुळे मुंबईला दुपारपर्यंत पत्ताच नव्हता. जी वाचली ती बरीचशी रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून वाचवली. महिनाभरात देश स्वतंत्र झाला आणि त्या गर्दीत ही घरं आपापलं दुःख घेऊन मागे राहिली. रायगड जिल्ह्यात अजून म्हातारी माणसं तो दिवस सांगतात. त्यांच्याकडे जा, बस, ऐक. कट शोधायला जाऊ नकोस. किती माणसं चढली हे कोण मोजत होतं, पावसाळ्यात बोट सोडायचं कुणी ठरवलं, एवढंच विचारत राहा.

एक विनंती आहे. जहाजाचे प्रसंग लिहिशील तेव्हा माणसं ओरडत धावताहेत असं लगेच लिहू नकोस. वाचलेल्यांनी सांगितलेल्या हकिगतींमध्ये फार वेळा शांतता येते. माणसं जिन्याच्या कठड्याला धरून उभी असतात, काहीतरी सांगितलं जाईल याची वाट बघत. घोषणा उशिरा होते किंवा होतच नाही. १६ एप्रिल २०१४ ला दक्षिण कोरियात ‘सेवोल’ बुडाली तेव्हा आतल्या शाळकरी मुलांना जागेवरच थांबायला सांगितलं होतं. ती थांबली. ३०४ माणसं गेली, बहुतेक मुलं. त्या जहाजाबद्दलही पाणबुडी धडकल्यापासून सगळ्या गोष्टी उठल्या. तिथे निघालं काय? नियमापेक्षा कितीतरी जास्त माल, तो नीट बांधलेला नाही, आणि माल बसावा म्हणून तळातलं बॅलास्टचं, म्हणजे जहाजाचा तोल राखणारं, पाणी कमी केलेलं.

रविवारी सकाळी मी घरीच असतो. रॅम्प आणि लॉक कसे बसतात त्याची चित्रं काढून ठेवतो, कागदावर दिसलं की तुला प्रसंग सुचतील. पहिली वीस पानं झाली असतील तर घेऊन ये, आणि तुमच्याकडची मोठी परातही आण, आमची छोटी आहे.